ऑर्किडला पानंच पानं, फूल मात्र नाही: कुठे काय तपासायचं

फॅलेनॉप्सिस हे ऑर्किड घरी आणलं तेव्हा त्याला नऊ-दहा फुलं होती. ती दोन-अडीच महिने टिकली, मग एकेक गळाली, आणि त्यानंतर दोन-तीन वर्षं नुसती पानं. "झाड छान आहे हो, पण फूल काही धरत नाही." ही तक्रार माझ्याकडे आली की मी पहिला प्रश्न विचारते, थंडीत झाड कुठे ठेवता? उत्तर बहुतेक वेळा एकच असतं. "थंडीत आत घेतो, बाहेरचा गारठा सोसायचा नाही त्याला."

निम्मं दुखणं त्या उत्तरातच आहे.

माझीही पहिली तीन वर्षं अशीच गेली. मी पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहते, पूर्वेला छोटी गॅलरी आहे. फूल येईना म्हणून आधी १३:४०:१३ हे खत (आकडे नत्र, स्फुरद, पालाश यांच्या टक्क्यांचे) दिलं, मग ०:५२:३४ दिलं, केळ्याच्या सालींचं पाणीसुद्धा घातलं. पानं वाढली, फूल नाही. चौथ्या वर्षी दिवाळी झाल्यावर घराला रंग काढला आणि सगळ्या कुंड्या दीड महिना गॅलरीत राहिल्या. खत बंद, पाणी आठवड्यातून एकदा. डिसेंबरच्या शेवटी कुंडी आत आणायला उचलली, तर खालून दुसऱ्या पानाच्या बगलेतून बोटाच्या पेराएवढं हिरवं टोक बाहेर आलेलं. त्या दांड्याला मार्चमध्ये सात फुलं आली.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. ऑर्किडचं फूल खतावर कमी आणि जागेवर जास्त ठरतं. म्हणून तपासायचं ते या क्रमाने: झाड कोणतं आहे, मुळं कशी आहेत, उजेड किती मिळतो, रात्री गारवा लागतो का. खताचा नंबर सगळ्यात शेवटी.

झाड नेमकं कोणतं?

आपल्याला मिळतात ती जवळजवळ सगळी ऑर्किड्स हायब्रीड असतात, म्हणजे माणसाने घडवलेले संकर. पहिलं संकरित ऑर्किड इंग्लंडमध्ये एक्सेटरच्या व्हीच नर्सरीत जॉन डॉमिनी या माळ्याने तयार केलं आणि ते १८५६ मध्ये फुललं. आता नोंदवलेल्या संकरांची संख्या लाखाच्या वर गेली आहे. "ऑर्किडला काय लागतं?" याला एकच उत्तर देता येत नाही ते यामुळे. पूर्वज कुठले, त्यावर झाडाचा स्वभाव ठरतो.

रुंद, जाडसर पानं समोरासमोर दोन रांगांत आणि खाली कांडं नाही, तर ते फॅलेनॉप्सिस. उसासारखी कांडी असेल तर बहुधा डेंड्रोबियम, आणि खरा घोटाळा इथे होतो. नर्सरीत चिठ्ठीवर नुसतं 'डेंड्रोबियम' लिहिलेलं असतं, पण त्यात अगदी उलट स्वभावाचे दोन गट आहेत. एक डेन-फॅल. याचे पूर्वज ऑस्ट्रेलिया-न्यू गिनीकडचे, उष्ण हवेतले. कांडीच्या शेंड्याजवळून लांब तुरा निघतो. मुंबई, कोकण, गोवा इथली दमट हवा याला मानवते. दुसरा नोबिल. हा हिमालयाच्या पायथ्याकडचा. याची फुलं कांडीच्या पेरापेरांवर चिकटून येतात, आणि त्याआधी त्याला थंड, कोरडा हिवाळा लागतो.

माझ्या धाकट्या बहिणीने डोंबिवलीत नोबिल आणलं आणि थंडीभर त्याला नेमाने पाणी अन् खत दिलं. प्रत्येक पेरावर फुलाऐवजी पिल्लू, म्हणजे छोटं रोप, फुटलं. हिवाळ्यात पाणी आणि नत्र मिळत राहिलं की नोबिल हेच करतं. शेवटी ते झाड आमच्या मामेभावाकडे नाशिकला गेलं. त्याने दिवाळीनंतर खत बंद केलं, कांड्या सुरकुतायला लागल्या की घोटभर पाणी, आणि कुंडी गच्चीच्या कडेला उजेडात. फेब्रुवारीत कांडीभर फुलं आली. डोंबिवलीत त्याला हवा तसा गारठा मिळालाच नसता, बहिणीची काही चूक नव्हती. किनारपट्टीवर राहत असाल तर डेन-फॅल किंवा व्हँडा (हेही उष्ण हवेतलं ऑर्किड) घ्या, नोबिलच्या मागे लागू नका.

डेंड्रोबियमची पानं झडलेली जुनी कांडी वाळली समजून कापू नका. झाडाचा साठा तिच्यात असतो, आणि डेन-फॅलला तर जुन्या कांडीवर पुन्हा तुरा येतो. पूर्ण पिवळी पडून पोकळ झाली तरच काढा.

कुंडी उपसून बघा

लोक इथेच कचरतात. पण झाडाची पानं बघून मुळांची अवस्था कळत नाही. पानं सहा-सहा महिने हिरवी राहतात आणि आत मुळं सडत असतात.

फॅलेनॉप्सिस कुंडीतून अलगद काढा. निघत नसेल तर कुंडी तासभर पाण्यात ठेवा, प्लास्टिकची असेल तर सरळ कापा. बाहेरची साल, काथ्या झटकला की मधोमध, खोडाच्या बरोबर खाली, एक घट्ट गोळा लागतो. रोप लहान असताना पॉलिहाऊसमध्ये मॉसच्या (वाळवलेल्या शेवाळाच्या) ज्या बोळ्यात वाढवलं, तो हा बोळा. पुढे मोठ्या कुंडीत लावताना तो तसाच आत राहतो. वरची साल कोरडी ठणठणीत दिसते म्हणून आपण पाणी घालतो, आणि हा बोळा आतल्या आत पंधरा दिवस ओलाच असतो. माझ्या पहिल्या झाडाचा बोळा मी चिमट्याने सोडवला तेव्हा चहाच्या चोथ्यासारखा काळा झाला होता आणि कुबट वास येत होता. त्याच्यातून गेलेल्या अकरा मुळांपैकी चार जिवंत होती.

जिवंत मूळ दाबलं तर टणक लागतं. सडलेलं मूळ दोन बोटांत धरून ओढलं की वरचं आवरण मोज्यासारखं निघून येतं आणि आतली दोरी हातात राहते. असली मुळं कात्रीने कापून टाका. कात्री आधी स्पिरिटने पुसा किंवा ज्योतीवर धरा. कापलेल्या टोकावर दालचिनीची पूड लावतात, ती चांगली, पण चांगल्या मुळांवर सांडू देऊ नका, ती मुळं कोरडी पाडते.

शेतकरी 'वाफसा' म्हणतात ना, जमीन ओली आहे पण चिखल नाही, मुळांना पाणीही मिळतंय आणि हवाही, ऑर्किडच्या मुळांना कायम तसला वाफसा लागतो. पावसाळ्याआधी कोकणात गेलात तर आंब्या-फणसाच्या खोडावर सीतेची वेणी फुललेली दिसेल. तेही ऑर्किडच. त्याची मुळं बघा. सालीला चिकटलेली, काही हवेत लोंबकळणारी. सर आली की चिंब, वारा सुटला की तासाभरात कोरडी. (काही जण तिला बांडगूळ समजून ओरबाडून काढतात. बांडगूळ झाडाचा रस शोषतं, ही बिचारी नुसती फांदीवर बसलेली असते. कृपा करून तिला तिथेच राहू द्या, घरीही आणू नका.)

म्हणून कुंडीत माती नको आणि भुसभुशीत कोकोपीटही नको. पाईनची साल, लाकडी कोळशाचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे, एवढ्यावर भागतं. सोडण वापरणार असाल तर दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवा, त्यातले क्षार आणि तो तांबडा रंग उतरला पाहिजे. मुंबईच्या दमट हवेत कोळसा जास्त, पुण्या-नाशिकच्या कोरड्या हवेत सोडण जास्त. कुंडी मुळांपुरती, शक्यतो पारदर्शक आणि भरपूर भोकांची. मोठ्या कुंडीत झाड मोठं होत नाही, मधला भाग वाळत नाही एवढंच होतं. कुंडी बदलायची वेळ फुलं गळून गेल्यावरची. दांडा आलेला असताना हात लावू नका.

पारदर्शक कुंडीचा फायदा म्हणजे पाणी कधी घालायचं ते मुळंच सांगतात. मुळांवर पांढरं, स्पंजासारखं आवरण असतं. ओलं असताना ते हिरवं दिसतं, वाळलं की चंदेरी. कुंडीच्या आतली मुळं चंदेरी दिसली की पाणी. वार ठरवून घालू नका.

पाणी सकाळी घाला. फॅलेनॉप्सिस आपली पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रं, दिवसा मिटून ठेवतं आणि रात्री उघडतं, त्यामुळे रात्री पानं आणि गाभा कोरडा असलेला बरा. गाभ्यात पाणी साचलं तर कापसाने टिपून घ्या. रानात हे झाड फांदीवर कलतं वाढतं, पानं खाली झुकलेली, पाणी आपोआप ओघळून जातं. आपण त्याला सरळ उभं लावतो, म्हणून गाभ्यात तळं होतं आणि पावसाळ्यात शेंडा कुजतो. शेंडा कुजला की बऱ्याचदा झाड हातचं जातं. कुंडीत लावतानाच थोडं तिरकं लावलं तर ही भीती खूप कमी होते. जून ते सप्टेंबर कुंड्या छपराखाली हव्यात, यात मात्र तडजोड करू नका.

बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी असेल तर सालीवर पांढरा थर जमतो आणि मुळांची टोकं करपतात. पावसाचं पाणी साठवा किंवा आरओचं पिण्याचं पाणी द्या. आरओच्या दुसऱ्या नळीतून वाया जाणारं पाणी मात्र घालू नका. गाळलेले सगळे क्षार त्यातच एकवटलेले असतात.

उजेड: आपल्याला वाटतो त्याहून खूप जास्त

'ऑर्किड सावलीतलं झाड' हे अर्धं सत्य आहे. फॅलेनॉप्सिसला साधारण दहा ते पंधरा हजार लक्स (उजेड मोजायचं एकक) लागतात, डेन-फॅलला पंचवीस-तीस हजार. हॉलमधल्या टीपॉयवर, खिडकीपासून दूर, काही शेच लक्स असतात. तिथे झाड जगतं, फुलायची ताकद जमत नाही. मोबाइलवर लक्स मोजायचं फुकट ॲप मिळतं, त्याने अंदाज येतो. ते नको असेल तर सकाळी दहाला पानाच्या वर वीतभर हात धरा. मऊ, पुसट सावली पडली तर फॅलेनॉप्सिसला ठीक. सावलीच नसेल तर उजेड कमी. काळी, रेखीव सावली असेल तर ऊन जास्त, पण डेंड्रोबियमला चालेल.

पानाचा रंगही बघा. गडद, काळपट हिरवं पान आपल्याला तजेलदार वाटतं, पण तो उजेड कमी असल्याचा इशारा आहे. फुलणाऱ्या झाडाचं पान थोडं पोपटीकडे झुकलेलं असतं. एकदम उन्हात मात्र काढू नका. पानावर तळवा ठेवा, कोमट-गरम लागलं तर लगेच मागे घ्या. भाजलेला डाग आधी फिका, मग तपकिरी होतो आणि कायम राहतो. पूर्वेची खिडकी सगळ्यात सोपी. पश्चिमेच्या ग्रिलवर हिरवी शेडनेट लावा. दक्षिणायनात सूर्य खाली उतरतो तेव्हा दक्षिणेच्या खिडकीत उन्हाळ्यात न येणारं ऊन आत येतं, थंडीत त्या खिडकीचा उपयोग करून घ्या.

मग रात्रीचा गारवा

फॅलेनॉप्सिसला दांडा यायचा तर चार ते सहा आठवडे तापमान पंचविशीच्या आत राहावं लागतं, आणि रात्री १६ ते १८ अंशांपर्यंत उतरली तर फारच उत्तम. सतत २८-३० अंश मिळाले तर झाड पानं काढत बसतं. नर्सरीवाल्यांकडे बाराही महिने फुललेली झाडं असतात कारण पॉलिहाऊस मुद्दाम गार ठेवून दांडे काढलेले असतात. आपल्याला ते निसर्गाकडून फुकट मिळतं, फक्त दार उघडून झाड बाहेर ठेवायचं.

पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूर, संभाजीनगर, इथे नोव्हेंबर उजाडला की कुंडी गॅलरीत ठेवा, थेट उन्हाच्या आड पण भरपूर उजेडात. पारा दहा-बाराच्या खाली जाणार असेल त्या एखाद-दुसऱ्या रात्री आत घ्या. मुंबई-ठाण्यात गारव्याचे दिवस कमी, जेमतेम डिसेंबर-जानेवारी. तिथे रात्रभर उघड्या खिडकीचं ग्रिल हीच जागा, आणि झाड एकही रात्र आत आणायचं नाही. तेवढ्यानेही जमलं नाही तर रात्री एसी लागणाऱ्या खोलीत ठेवून सकाळी परत खिडकीत न्या. एसीचा झोत पानांवर येता कामा नये.

टोक दिसलं की ते मूळ आहे का दांडा, हा संभ्रम होतोच. मुळाचं टोक गुळगुळीत आणि गोल. दांड्याचं टोक चपटं, एका बाजूने खाच असलेलं, अंगठा वेगळा असलेल्या लोकरी हातमोज्यासारखं, आणि तो वरच्या दिशेने निघतो. खात्री नसेल तर आठ दिवस थांबा.

कळ्या धरल्या आणि पिवळ्या पडून गळाल्या

हे दुःख वेगळंच. मागे एकदा एप्रिलमध्ये माझ्या दांड्यावर नऊ कळ्या होत्या. दापोलीहून मावशीने आंब्याच्या दोन पेट्या पाठवल्या, मी त्याच खोलीत, कोपऱ्यात अढी घातली. चार दिवसांत पहिल्या दोन कळ्या पिवळ्या, आठवड्यात सहा गळाल्या. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू बाहेर पडतो आणि ऑर्किडच्या कळ्यांना तो अजिबात सोसत नाही. आंबा, केळी, चिकू, काहीही पिकत असेल तर ऑर्किड दुसऱ्या खोलीत. उदबत्ती-धुपाचा धूर आणि गॅसच्या शेगडीची जवळीकही टाळा.

फळं नसतील तर बाकीची कारणं बघा. कळ्या असताना मुळं पूर्ण वाळली का? नर्सरीतून आणताना झाड उन्हात गाडीत राहिलं का? पंख्याचा थेट वारा लागतो का? कळीच्या देठाशी कापसासारखं पांढरं काही दिसलं तर ते पिठ्या ढेकूण. कानात घालायच्या कापसाच्या काडीला स्पिरिट लावून एकेक पुसून काढा, पानांच्या बगला आणि खालची बाजूही, आणि आठवड्याने परत बघा, कारण अंडी राहतातच. फॅलेनॉप्सिसच्या फुलाकळ्यांवर कडुनिंबाचं तेल फवारू नका, डाग पडतात.

आता खत

मुळं भक्कम, उजेड पुरेसा असेल तर साधं १९:१९:१९, लिटरला अर्धा ग्रॅम. तीन आठवडे खताचं पाणी, चौथ्या आठवड्यात नुसतं पाणी, म्हणजे साठलेले क्षार धुऊन जातात. वाळलेल्या मुळांना थेट खत देऊ नका, आधी साध्या पाण्याने ओली करा. 'फुलांसाठीचं' म्हणून विकतात त्या जास्त स्फुरदाच्या पुडीने दांडा निघत नाही. तीन वर्षं मी त्याच्यावर पैसे घालवले आहेत, म्हणून कळकळीने सांगते. मुळं सडकी असताना खत दिलं तर उरलेली मुळंही जळतात.

फुलं संपल्यावरचा दांडा

फॅलेनॉप्सिसचा दांडा हिरवा असेल आणि झाडाला चार-पाच ताठ पानं असतील तर खालून दुसऱ्या-तिसऱ्या डोळ्याच्या वर बोटभर अंतर ठेवून कापा. बऱ्याचदा दोन-तीन महिन्यांत त्या डोळ्यातून फाटा फुटून आणखी थोडी फुलं येतात. दांडा वाळला असेल, पानं लुळी असतील किंवा मुळं कमी असतील तर बुडापासून काढून टाका. हिरवा दांडा कापताना जिवावर येतं, मला अजूनही येतं, पण अशक्त झाडाने साठा फुलांवर खर्च केला तर पुढच्या वर्षी झाडच राहत नाही.

कधी डोळ्यातून फाट्याऐवजी छोटी पानं निघतात. ते पिल्लू. ऑर्किड लावणारे त्याला 'केकी' म्हणतात, हवाई बेटांच्या भाषेत त्याचा अर्थ मूलच. त्याला बोटभर लांबीची दोन-तीन मुळं फुटेपर्यंत आईवरच राहू द्या, मग वेगळ्या छोट्या कुंडीत लावा.

आणि नवा दांडा वाढत असताना कुंडी फिरवू नका. दांडा उजेडाकडे वळत जातो. आज इकडे, उद्या तिकडे केलं तर तो वेडावाकडा होतो आणि फुलं भलतीकडे तोंड करून उघडतात. मी कुंडीच्या खिडकीकडच्या बाजूला मार्करने एक ठिपका काढून ठेवते. पाणी घालायला कुंडी मोरीत नेली की परत ठेवताना तो ठिपका खिडकीकडे.